सावड

शाळूची काढणी आली की आमच्या माण तालुक्यात एकट्या घराने काम निभत नाही. ज्वारी वाळून खडखडीत झालेली असते, पाखरे टपलेली असतात आणि आभाळाचा भरवसा नसतो. मग सावड होते. आज पाच घरची माणसे आमच्या रानात, उद्या आम्ही त्यांच्या रानात. कुठे याला पैरा म्हणतात. नांगरटीसाठी बैल घेऊन माणसे जमली तर इर्जिक म्हणतात. या कामाची मजुरी कुणी मागत नाही आणि वहीतही कुणी लिहून ठेवत नाही. तरी कुणाचे किती दिवस फेडायचे राहिले आहेत, हे ज्याचे त्याला पक्के ठाऊक असते.

माझेही काही दिवस फेडायचे राहून गेले आहेत. ज्याचे फेडायचे, तो माणूस आता नाही. म्हणून हे लिहायला बसले.

१९७८ साली मी लग्न होऊन या घरात आले. घर मोठे. सासू-सासरे, दोन दीर, नणंद, दावणीला चार जनावरे. आठ-पंधरा दिवसांनी कळले की घरात आणखी एक माणूस आहे, पण तो घरात राहत नाही. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, सगळे त्यांना तात्या म्हणत. मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला एक छप्पर होते, त्यात ते एकटे राहायचे. सासूबाई म्हणाल्या, "त्यास्नी रक्तपिती हाय. भाकरी लांबनं ठेवायची. पानी वरनं वतायचं. शिवायचं न्हाई."

धाकटी सून म्हणून ते काम माझ्याकडे आले. रोज दुपारी मी भाकरी-कोरड्यास घेऊन मळ्यात जायची. दगडावर ठेवलेल्या जर्मनच्या ताटलीत वरूनच भाकरी टाकायची आणि चार पावले मागे सरायची. तात्या हसून म्हणायचे, "पोरी, ऊन लई हाय, सावलीत बस की." मी कधी बसले नाही.

त्यांच्या हाताची बोटे आखडलेली होती. तळपायाला जखम होती, ती भरत नव्हती. एकदा चुलीवरचे गरम डेचके त्यांनी उघड्या हाताने उतरवलेले मी पाहिले. हात भाजला, कातडी निघाली, पण तोंडातून हाय निघाले नाही. मी घाबरून म्हटले, "तात्या, भाजलं की!" ते हाताकडे बघत म्हणाले, "व्हय काय? मला कळत न्हाई गं."

पुढच्या साली पावसाळ्यात पायाची जखम चिघळली, अंगात ताप भरला. तेव्हा माझ्या मालकांनी हट्ट धरला की तात्यांना मिरजेला न्यायचे. सासरे नको म्हणत होते. गावात बोभाटा होईल, नणंदेचे लग्न जुळणार नाही, ही त्यांची भीती. शेवटी पहाटे अंधारात बैलगाडी जुंपली. फाट्यावरून एस. टी. धरली आणि विटा, तासगाव करीत सांगली आणि तिथून मिरज. सोबत मी होते, कारण स्वयंपाकाला कुणीतरी हवे होते.

मिरजेचा मिशन दवाखाना आपल्या भागात कुणाला माहीत नाही? माझ्या माहेरीसुद्धा "आता मिरजंलाच न्या" असे म्हटले की दुखणे मोठे आहे, हे समजायचे. विल्यम वॉनलेस नावाचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली मिशनतर्फे हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत हे रुग्णालय उघडले. बाहेरगावचे शेतकरी गाड्या जुंपून तिथे येऊ लागले. वॉनलेससाहेबांनी मिरजेत डॉक्टरकीचे शिक्षणही सुरू केले. क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये आरोग्यधाम काढले, त्या जागेला वॉनलेसवाडी हे नावच पडले. कुष्ठरोग्यांसाठीही मिशनने मिरजेत वेगळी सोय केली. १९२८ पर्यंत ते मिरजेत राहिले आणि १९३३ साली वारले.

तिथे मी जे पाहिले ते मात्र कुठल्या इतिहासात लिहिलेले नाही. एक सिस्टर आली. आपल्याच बाजूची असावी, बोलणे आपल्यासारखेच होते. तिने पितळेच्या घंगाळ्यात कोमट पाणी आणले, खाली बसली आणि तात्यांचा तो पाय आपल्या हाताने उचलून पाण्यात ठेवला. जखम धुतली, मेलेली कातडी काढली, तेल लावले. हे करताना ती काय बोलत होती? "मामा, यंदा बाजरी कशी हाय तुमच्याकडं?"

तात्या बाजरीचे काही सांगू शकले नाहीत. ते रडत होते. बारा वर्षांत त्यांच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. मी भिंतीला टेकून उभी होते. वरून पाणी ओतणारा माझा हात मी पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळे समजावले. हा देवाचा कोप नाही, मागल्या जन्मीचे पाप नाही. याचा एक जंतू आहे, तो १८७३ साली नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी शोधला. हा रोग आईबापाच्या रक्तातून मुलाला येत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद असतेच. जंतू नसांना धरतो, म्हणून हातापायाचे भान जाते. भान नाही म्हणून भाजते, खुपते, जखम होते आणि बोटे झिजतात. औषध चालू असलेल्या माणसाजवळ बसायला काही धोका नाही. त्या काळी डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. आता तसे नाही.

तीन महिन्यांनी तात्या परत आले. जखम भरली होती, पायात मऊ तळाची चप्पल होती, चेहऱ्यावर तेज होते. मालक म्हणाले, "तात्यांना आता ओसरीवर घ्या." सासरे गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, "गावाला काय सांगायचं?" आणि तात्या आपले आपण मळ्याकडे चालू लागले.

मी काय केले? डॉक्टरांचे बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले होते. मी बोलले असते तर मालकांच्या शब्दाला जोर आला असता. पण मी पोटुशी होते आणि भीती मनातून गेली नव्हती. खरे सांगते, मी बोलले नाही.

मुलगा झाला. तो वर्षाचा होईतो तात्यांनी त्याला लांबूनच पाहिले. मग एके दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा दगडावर एक पांगुळगाडा ठेवला होता. त्या आखडलेल्या बोटांनी त्यांनी बाभळीच्या लाकडाचा करून, तासून, घासून गुळगुळीत केला होता. कुठे कूस लागू नये म्हणून किती दिवस घासला असेल! तात्या म्हणाले, "माझ्या हातनं घेऊ नगं. ततनं उचल." मी उचलला, घरी आणला आणि कुणी बघायच्या आत चुलीत घातला.

१९८६ साली तात्या गेले. खांदा द्यायला घरचे चौघे होते, बाकी गाव लांब उभे होते. ज्यांच्या रानात तात्यांनी तरुणपणी सावडीने काम केले होते, तेही लांबच उभे होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी थोरल्या मुलीचे बाळंतपण करायला मी वसईला गेले. जावई तिकडे नोकरीला होते आणि एका वाडीत भाड्याने राहत. ती वाडी कॅथलिक लोकांची. मला आधी वाटले, ही कुणी साहेबी माणसे असतील. पण ती तर आपल्यासारखी शेतकरी निघाली. केळीच्या बागा, पानवेली, फुले, भाजीपाला. घरात त्यांची स्वतःची बोली आणि चर्चमध्ये प्रार्थना मराठीत. मिरजेचे मिशन वेगळ्या पंथाचे, प्रॉटेस्टंट. हे रोमच्या पोपना मानणारे कॅथलिक. आपल्यात जसे संप्रदाय, तसे त्यांच्यात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भागातल्या नंदाखालचे. वसईची हिरवळ राखण्यासाठी ते लढले आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले.

शेजारच्या मावशी ओट्यावरून पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. मुलगा परदेशी. मला वाटले, आता या म्हातारीचे कसे होणार? दुसऱ्या दिवसापासून माणसे येऊ लागली. एक बाई सकाळी येऊन अंघोळ घाली, दुसरी दुपारचे जेवण आणी, रात्री एक मुलगी झोपायला येई. रविवारी मिस्सा झाल्यावर फादर स्वतः घरी आले आणि खाटेशेजारी बसून मावशींशी बोलले. हे दोन महिने चालले. मी एकीला विचारले, "तुम्ही नात्यातल्या का?" ती म्हणाली, "नाही हो, आमचा पॅरिश एक."

पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीचा सगळा गावपसारा. त्यात वाडीवाडीचे लहान गट असतात. कोण आजारी, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, याची खबर गटाला असते. त्यांच्यात सेंट विन्सेंट द पॉल यांच्या नावाची एक संस्था आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती काढली. तिची रीत मला फार आवडली. गरिबाला नुसते पैसे पाठवायचे नाहीत. दोघादोघांनी त्याच्या घरी जायचे, बसायचे, विचारपूस करायची. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचा काळ असतो, त्यात खाण्यापिण्यात वाचवलेले पैसे गरजवंताला द्यायचे.

त्यांच्यातही भांडणे असतात, बांधावरून कोर्टकचेऱ्या असतात, ते मी पाहिले. माणसे ती माणसेच. पण आजारी माणसाकडे जायची पाळी ठरलेली, त्यामुळे मनात असो नसो, पाय उचलावाच लागतो.

तिथेच मी फादर डेमियनची गोष्ट ऐकली. बेल्जियम देशातला हा धर्मगुरू १८७३ साली, हॅन्सनने जंतू शोधला त्याच वर्षी, हवाईमधल्या मोलोकाई बेटावर गेला. तिथे सरकारने कुष्ठरोग्यांना नेऊन टाकले होते. त्याने त्यांच्या जखमा बांधल्या, घरे उभारली, त्यांच्या पंगतीत जेवला. शेवटी त्यालाही तो रोग झाला आणि १८८९ साली तो गेला. २००९ साली पोपनी त्याला संतपद दिले. तेव्हा औषध नव्हते. औषध नसताना तो पंगतीत बसला आणि औषध असताना मी चार पावले मागे सरत होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

परत गावी आले. सावडीला आपण दहा घरे जमतो, मग माणूस पडला तर का जमत नाही, हे डोक्यात घोळत होते. आणि २००५ साली परीक्षाच आली. आळीतला एक तरुण ट्रकवर होता, तो खंगून परत आला. त्याचे नाव मी लिहीत नाही. एड्स आहे, असे गावभर झाले. त्याच्या बायकोला आडावर पाणी भरू देईनात, पोरीला शाळेत वेगळे बसवले. सगळे तेच. रोगाचे नाव तेवढे नवे.

या वेळी मी गप्प बसले नाही. पाचगणीला बेल एअर रुग्णालय आहे. डॉ. बिलीमोरिया या पारशी डॉक्टरांनी ते १९१२ साली क्षयरोग्यांसाठी काढले, पुढे ते रेड क्रॉसकडे आले. तिथे फादर टॉमी या कॅथलिक धर्मगुरूंनी एड्सच्या रोग्यांना आसरा दिला. मालक आणि मी त्या पोराला घेऊन साताऱ्यावरून वाईचा घाट चढून तिकडे गेलो. सरकारनेही २००४ च्या एप्रिलपासून या रोगाच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली होती, त्या सुरू झाल्या.

आणि घरी सावड धरली. आधी आम्ही तिघीच होतो, मी, जाऊबाई आणि अंगणवाडीच्या बाई. सोमवारी मी, मंगळवारी जाऊबाई, असे दिवस वाटून घेतले. नियम एकच, दारातून डबा देऊन परत फिरायचे नाही. आत बसायचे आणि त्यांच्या घरचा चहा प्यायचा. पहिल्या दिवशी तो कप हातात घेताना माझा हात थरथरला, हेही सांगते. पण प्याले. चार महिन्यांत आम्ही नऊजणी झालो. पोरीला शाळेत सगळ्यांत बसवून घेतले. दोन वर्षांत तो पोरगा पुन्हा पाभर धरायला लागला.

बायांनो, एवढे लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसला, तर लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचे औषध तिथे फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो. लवकर गेलात तर बोटही वाकडे होत नाही. आणि एड्सचा विषाणू एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, एका आडाचे पाणी प्यायल्याने येत नाही.

यंदाच्या काढणीला तो आणि त्याची बायको आमच्या रानात सावडीला होते. त्यांची पोर आता सासरी नांदते आहे. दुपारी भाकऱ्या सोडल्या, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने मला कांदा फोडून दिला आणि मी खाल्ला. समोर विहिरीच्या वरच्या अंगाला तात्यांच्या छपराची जागा आहे. आता तिथे नुसता चौथरा उरला आहे. तो दगड मात्र तिथेच आहे. जेवण झाल्यावर मी जाऊन त्या दगडाजवळ सावलीत जराशी बसले.