अर्थशास्त्र शिकणं परवडतं का?

अर्थशास्त्राच्या पदवीला खर्च किती येतो, असं विचारलं की पालक फीचा आकडा सांगतात. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी वर्षाला काही हजारांत असते; तेवढ्यात हल्ली बरा मोबाइलही येत नाही. शिक्षणाचं अर्थशास्त्र हा माझा विषय, पदव्युत्तर वर्गाला मी तो शिकवते, आणि माझा हिशेब फीपासून सुरूच होत नाही. तो सुरू होतो न मिळवलेल्या पगारापासून.

तालुक्याच्या गावातून बी.ए. झालेली एक मुलगी पुण्यात एम.ए.ला आली असं धरू. दोन वर्षांची फी मिळून ३०,००० रुपये. कॉट बेसिसवरची खोली, मेस, बस, झेरॉक्स मिळून महिन्याला १०,०००, म्हणजे वीस महिन्यांचे २ लाख. या काळात तिनं गावाजवळच्या पतसंस्थेत किंवा शोरूममध्ये १५,००० रुपयांवर काम केलं असतं, तर दोन वर्षांत ३,६०,००० घरी आले असते. एकूण खर्च ५,९०,००० रुपये, आणि त्यात फीचा वाटा विसावा हिस्सा. जेवण घरीही लागलंच असतं, म्हणून मेसच्या बिलातला काही भाग वजा करायला हवा; तरी फी दहाव्या हिश्शाच्या वर जात नाही. फी माफ झाली तरी गरीब घरातली मुलं शिक्षण अर्धवट का सोडतात, हे या आकडेमोडीवरून बरंचसं कळतं. सरकार माफ करू शकतं ती फी. घरी न आलेल्या पगाराची भरपाई कुणी देत नाही.

हा विचार जुना आहे. ॲडम स्मिथनं १७७६ मध्येच शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती: यंत्रानं आपली किंमत नफ्यासह वसूल करून द्यावी, तशीच अपेक्षा शिक्षणाकडून. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी त्याचं शास्त्र केलं. बेकर यांचा ‘मानवी भांडवला’वरचा ग्रंथ १९६४चा. पुढे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये शंका काढली की पदवीमुळे माणूस अधिक कुशल होतो असं काही नाही; तो आधीच हुशार आणि चिकाटीचा होता, एवढंच मालकाला पदवीवरून कळतं. हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे कारकुनाच्या जाहिरातीतही ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ मागतात, तेव्हा मला स्पेन्स जास्त पटतात.

मग अर्थशास्त्र शिकून पगार खरंच वाढतो का? नुसती सरासरी पाहून हे ठरत नाही, कारण अर्थशास्त्र घेणारी मुलं मुळातच वेगळी असू शकतात. झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता यांनी या अडचणीतून फार सुरेख वाट काढली. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरुवातीच्या अर्थशास्त्राच्या विषयांत सरासरी २.८ श्रेणीगुण असतील तरच अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेता येत असे. २.७९ वाला आणि २.८१ वाला यांच्या हुशारीत फरक तो काय असणार? पण एकाला दार उघडलं, दुसऱ्याला बंद झालं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: ज्यांना दार उघडलं, त्यांचा नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला वार्षिक पगार सुमारे २२,००० डॉलरनं, म्हणजे ४६ टक्क्यांनी जास्त होता. नशीब फक्त उंबरठ्यावरच्या गुणांचं, आणि पगारात जवळजवळ दीडपट फरक.

हा निष्कर्ष दाखवून आपल्याकडच्या बी.ए.ची जाहिरात कुणी करू लागला, तर त्याला थांबवायला हवं. याच अभ्यासानुसार त्या वाढीतला निम्मा भाग, ही मुलं जास्त पगाराच्या उद्योगांत, वित्त आणि व्यवसाय क्षेत्रात गेली म्हणून आला. अमेरिकेतल्या कितीतरी नामवंत विद्यापीठांत पदवीच्या पातळीवर वाणिज्य शाखाच नसते. बँकेत किंवा सल्लागार कंपनीत जायचं असलेला विद्यार्थी अर्थशास्त्र घेतो. महाराष्ट्रात ती गर्दी बी.कॉम., बी.एम.एस., सी.ए. आणि एम.बी.ए.कडे वळते. कला शाखेतलं अर्थशास्त्र मात्र बहुतेक जण इतिहास-राज्यशास्त्राच्या जोडीनं घेतात, आणि दहावीनंतर गणिताशी संबंध तोडूनच येतात.

माझ्या मते सगळं अडतं ते इथेच. कोलकाता आणि दिल्लीची भारतीय सांख्यिकी संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, गोरेगावची रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, यांच्यापैकी कुठलंही दार गणिताशिवाय उघडत नाही. आय.आय.टी.च्या ‘जॅम’ परीक्षेतही २०२१ पासून अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे. तिच्यात संख्याशास्त्र आणि गणिताला स्वतंत्र वाटा आहे. बँकांचे कर्जजोखीम विभाग, पतमानांकन संस्था, सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था पैसे मोजतात ते आकडे हाताळता येण्याला. बी.ए.त शिकलेली मागणीची लवचीकता त्यांना मुलाखतीपुरती हवी असते. समाश्रयण (रिग्रेशन) चालवता येणारा आणि त्याचा अर्थ साध्या भाषेत लिहिता येणारा विद्यार्थी नोकरीसाठी फार फिरत नाही, मग त्याचं महाविद्यालय जिल्ह्याच्या गावचं का असेना. गणिताची भीती घालवायला बाहेरून शिकवणी लावावी लागली, तर या पदवीवरचा सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च मी तोच मानेन.

आता स्पर्धा परीक्षांबद्दल. ‘एमपीएससीला उपयोगी पडतं’ म्हणून अर्थशास्त्र घेणारे बरेच असतात, आणि उपयोगी पडतं हे खोटं नाही. भारतीय आर्थिक सेवा तर १९६१ पासून अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठीच आहे, फक्त तिच्यातल्या जागा वर्षाला काही डझनांपलीकडे क्वचितच जातात. पण या वाटेचा खर्च पदवीनंतर सुरू होतो. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेसचा महिना, क्लासची फी, आणि त्याहून मोठं म्हणजे वयाची तेवीस ते तीस ही वर्षं. यशाची शक्यता गुणिले पगार, असं सरळ गणित केलं तर पहिला प्रयत्न बहुधा परवडतो, दुसराही परवडू शकतो. पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला हाच प्रश्न नव्यानं विचारायला हवा आणि तिथे आधी गेलेली वर्षं हिशेबात धरायची नसतात. ‘एवढी वर्षं घातली, आता कसं सोडू?’ हे वाक्य ज्या खोलीत ऐकू येतं, त्याच खोलीत अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं असतं आणि बुडीत खर्चाचा धडा त्यातच असतो.

प्राध्यापकीची वाटही अशीच दुभंगलेली आहे. सेट-नेट होऊन कायम जागा मिळाली, तर सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. नाही मिळाली तर तासिका तत्त्व: जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, आणि सुटीत काहीच नाही. दोघांची पदवी तीच, फळ्यावरचा आलेखही तोच.

परदेशी एम.एस्सी.चा विचार करणाऱ्यांसाठी एक गणित सांगते. ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची फेड: मासिक हप्ता सुमारे ५५,१०० रुपये, एकूण परतफेड ६६ लाखांच्या आसपास. शिकत असतानाचं व्याज वेगळं. हा हप्ता शेजारी ठेवा त्या ५७,७०० रुपयांच्या. म्हणजे हे कर्ज तिकडेच नोकरी मिळाली तर फिटतं, आणि ती मिळेल की नाही हे त्या देशाच्या व्हिसाच्या नियमांवर अवलंबून असतं. ते मधेच बदलू शकतात. शिवाय दहा वर्षांनी मिळणारा एक लाख म्हणजे आजचा एक लाख नव्हे. दहा टक्के दरानं त्याची आजची किंमत जेमतेम ३८,५०० होते. ‘पुढे जाऊन खूप कमावेल’ या वाक्यातलं ‘पुढे’ किती लांब आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

कर्जाला पर्याय म्हणून मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये सुचवलं होतं की विद्यार्थ्याच्या शिक्षणात पैसे गुंतवावेत आणि बदल्यात त्याच्या भावी कमाईतला हिस्सा घ्यावा. तशाच धर्तीचा करार बडोद्यात १९१३ मध्येच झाला होता. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट होती परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याची. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून ते १९१७ मध्ये बडोद्यात आले, तर त्यांना राहायला खोली मिळेना. कचेरीतल्या वागणुकीनंही तेच सांगितलं. करार तिथेच संपला. पुढचं लंडनचं शिक्षण त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज यांवर पुरं केलं. १९२३ मधला त्यांचा रुपयावरचा प्रबंध आजही वाचला जातो. मानवी भांडवलाच्या सिद्धान्तात हे बडोदं कुठे बसवायचं, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात टाकते. पदवीचा परतावा ती कुणाच्या हातात आहे आणि विकत घेणारा कोण आहे यावरही ठरतो. आजच्या मुलाखतींतही आडनाव विचारलं जातंच.

माझं मत विचाराल तर असं: अनुदानित महाविद्यालयातलं अर्थशास्त्र, सोबत गणित किंवा संख्याशास्त्र, हा महाराष्ट्रातल्या मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी आजही फायद्याचा सौदा आहे. गणिताविना तो बेताचा आहे. आणि वर्षाला लाखोंची फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठातलं तेच अर्थशास्त्र, घर गहाण ठेवून, बहुतेकांनी घेऊ नये. तिथे प्रवेश घ्यायचाच असेल तर ‘हायेस्ट पॅकेज’चा फलक बाजूला सारा. गेल्या वर्षीच्या तुकडीला पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर अगदी मधल्या विद्यार्थ्याला काय मिळालं आणि शेवटच्या पाव भागातले कुठे आहेत, एवढं लेखी मागा. जी संस्था हे सांगायला टाळाटाळ करते, तिला मुलाच्या नावावर काढलेल्या कर्जाचा पहिला धनादेश देऊ नका.