अब्बांची सुरय्या

अब्बा पंचवीस वर्षे मालवाहू जहाजांवर खलाशी होते. आकाशातली नावे आम्हा भावंडांना त्यांनीच शिकवली, तीही उर्दूतून. मराठी पुस्तक हाती आल्यावर कळले, की आमची सुरय्या म्हणजे कृत्तिका आणि तिच्या मागोमाग उगवणारा दबरान म्हणजे रोहिणी. दबरान या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘मागून येणारा’. आज माझ्या हजेरीपटात दोन सुरय्या आहेत. आपल्या नावाचे तारे आकाशात असतात, हे दोघींनाही ठाऊक नव्हते.

गेल्या चार वर्षांत मधुमेहाने अब्बांच्या डोळ्यांचा पडदा खराब केला. लेसर झाले, वाचायचे तेवढे वाचले. चंद्र दिसतो, तारे दिसत नाहीत. मात्र टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसले की मोठी अक्षरे त्यांना लागतात. त्यावरून मनात आले, सुरय्याच टीव्हीवर का आणू नये? कुवेतहून येताना भावाने आणलेला कॅमेरा कपाटात पडून होता.

पण अधू नजरेच्या माणसापुढे पुसट फोटो ठेवून काय उपयोग? सारा प्रश्न फोकसचा होता. अंधारात कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चालत नाही, लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते. लेन्सवर अनंताची खूण असते, आडव्या आठाची. तारे एवढे दूर, तेव्हा रिंग त्या खुणेवर लावली की झाले, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात रिंग खुणेच्याही थोडी पुढे फिरते. ऊन-थंडीने लेन्सचे भाग किंचित फुगतात, आक्रसतात, त्यासाठी ही जागा सोडलेली असते. नेमका बिंदू खुणेच्या आसपास कुठेतरी असतो आणि तो दर रात्री नव्याने शोधावा लागतो.

चांद्र महिन्याच्या शेवटच्या तारखा धरल्या, म्हणजे रात्री चंद्र नाही. डिसेंबरात ईशाची नमाज, जेवण आटोपून मुलाला घेऊन घरामागच्या सड्यावर गेले. त्याच्या हातात लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो. कॅमेरा स्टँडवर चढवून आधी व्याधाकडे वळवला. हाच तो शिअरा, सूरह अन्-नज्ममध्ये ज्याचा उल्लेख आहे. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, म्हणून फोकसला सोयीचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दहापट मोठा करून रिंग केसभर फिरवत जायची. तारा फुगतो, मग लहान होतो, पुन्हा फुगतो. सर्वांत लहान दिसला तिथे थांबायचे. फोकस बरोबर बसल्याची आणखी एक खूण म्हणजे शेजारी आतापर्यंत नसलेले बारीक तारे पडद्यावर उमटतात. मग रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची.

पृथ्वी फिरते, म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवले तर ताऱ्यांच्या रेघा होतात. आमच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला पाच सेकंद पुरेसे होते. बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर. आमच्या कोकणात दव फार, तासाभरात लेन्स धुरकटते. सुती फडके जवळ हवेच, आणि गारवा वाढला की फोकसही पुन्हा तपासावा.

अस्-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास लिहिलेल्या ताऱ्यांच्या ग्रंथात देवयानीतल्या धूसर ठिपक्याची ‘लहानसा ढग’ अशी नोंद आहे. ना दुर्बीण, ना पडदा. कॅमेरा हाताळताना अशा नजरेचा हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर फोटो टीव्हीवर लावला. अब्बांनी ट्यूबलाइट बंद करायला सांगितली, खुर्ची ओढली आणि काचेवर बोट ठेवून मोजायला लागले. जहाजावर त्यांना सहा दिसत. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून छत्तीस टिपले होते. अब्बा अकरापर्यंत आले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुन्हा अकरा. अम्मी चहा घेऊन दारात उभी होती, तिला त्यांनी हाताने थांबवले.

मग म्हणाले, “दबरान दाखव.” मी फोटो बाजूला सरकवला.

“हा एवढा तांबडा नव्हता, बेटा.”

कॅमेऱ्यात रंग डोळ्यांपेक्षा गडद उतरतो, हे मी समजावले. त्यांना ते काही पटले नाही.