हद्दीचा प्रश्न

अष्ठीला ऊर्फ प्रॉस्टेट ही अवघी वीसेक ग्रॅमची ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला कवेत घेऊन बसलेली असते; आणि शिश्नोत्थानाचे मज्जातंतू तिच्या दोन्ही अंगांना असे बिलगून जातात की, कर्करोगासाठी ती काढताना शस्त्रवैद्याने दोन-तीन मिलिमीटर अधिक औदार्य दाखविले तर रोग्याचे पौरुष जाते, आणि तेवढीच काटकसर केली तर रोगाचा अंश मागे राहतो. या तंतूंचा मार्ग १९८१ साली लायडन येथे डोंकर आणि वॉल्श यांनी शवविच्छेदनाने उकलला, आणि पुढच्याच वर्षी बाल्टिमोरला वॉल्श यांनी ते हेतुतः राखून शस्त्रक्रिया केली. तंतू राखता येतात हे तेव्हापासून सर्वमान्य आहे. कोणाचे राखावेत, हा तंटा मात्र मिटलेला नाही.

एम. आर. आय. काय किंवा पी. एस. एम. ए. पेट काय, आधी काढलेली प्रतिमा ही मोजणीखात्याच्या नकाशासारखी असते: कागदावर हद्द चोख, शिवारात बांध सरकलेला. पोटात वायू भरला, मूत्राशय खाली उतरविले, की साऱ्या खुणा जागा सोडतात. त्यातून रोबॉटच्या साह्याने काम करणाऱ्या आम्हा मंडळींना बोटांच्या स्पर्शाचा जुना दाखलाही उरलेला नाही.

म्हणून प्रतिमाच शस्त्रक्रियागृहात आणण्याची तजवीज सुरू झाली. म्युनिकमध्ये रुजलेल्या पद्धतीत, पेट ज्याचा माग काढते त्या कर्कपेशींवरील पी. एस. एम. ए. या प्रथिनाला चिकटणारे टेक्नेशियमयुक्त द्रव्य आदल्या दिवशी टोचतात, आणि रोग उलटून श्रोणीतल्या एखाद्या बारक्या लसीकाग्रंथीत दडला असेल, तर गॅमा-शोधकाचे टोक तिच्याजवळ येताच यंत्राचा आवाज दाट होतो. ग्रंथी काढून ट्रेमध्ये ठेवल्यावर शोधक तिच्यावर पुन्हा धरायचा; ती तेथेही बोलली, तरच योग्य तो ऐवज हाती आला असे समजायचे. कारण हेच द्रव्य लघवीतूनही वाहते, आणि मूत्रवाहिनीच्या आसपास हा साक्षीदार बेधडक खोटी जबानी देतो!

ऑक्सफर्डमध्ये २३ रोग्यांवर वापरलेला, त्याच प्रथिनाला शोधणारा चमकता रंग अधिक देखणा खरा. २०२४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. परंतु निकट-अवरक्त प्रकाशाची धाव ऊतीत काही मिलिमीटरच असल्यामुळे, जे चमकले नाही ते निरोगी, असा फैसला मी तरी देणार नाही.

माझा अधिक भरवसा हँबुर्गच्या मार्टिनी-क्लिनिकने रूढ केलेल्या शिरस्त्यावर आहे: ग्रंथी काढताच तिची तंतूंकडील बाजू गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, आणि कडेवर रोग दिसला तरच त्या बाजूचे तंतू काढायचे. ब्रिटनमधील चाचणीत या रीतीने शस्त्रक्रिया झालेल्यांचे लैंगिक कार्य वर्षभरानंतर अधिक चांगले आढळले. आता तर गोठविण्याचा खटाटोप टाळून ताज्या ऊतीचे चित्र काही मिनिटांत पडद्यावर आणणारे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकही आले आहेत. परंतु यंत्र विकत घेता आले, तरी रोगी भुलीखाली असताना ते चित्र त्याच क्षणी वाचायला विकृतिशास्त्रज्ञ मोकळा असावा लागतो, आणि रुग्णालयाच्या खरेदीच्या यादीत त्याच्या वेळेसाठी रकाना नसतो.