नव्वद चौरस फूट

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात माझ्या थोरल्या भावाचा कामशेतहून फोन आला. "पोरीनं लोणावळ्यात घर पाहिलंय. कागदपत्रं तू एकदा नजरेखालून घाल, आणि जागाही बघून ये." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची आठवण नातेवाइकांना बहुधा अशाच प्रसंगी होते. मलाही ती हवीशी वाटते. पिशवीत चष्मा, वही आणि मोजपट्टी घालून मी लोणावळ्याची लोकल पकडली.

माझी पुतणी हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करते. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम, दोन दिवस कंपनीच्या बसने जाणे-येणे. तुंगार्लीच्या बाजूला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिने ही जागा पाहिली होती. लिफ्ट होती, कागद स्वच्छ होते, बोजा नव्हता. मी दार उघडून आत गेलो आणि सवयीने मोजपट्टी काढली. बारा बाय तेराची एक खोली. सहा बाय आठचा ओटा. त्याला स्वयंपाकघर म्हणणे जिवावर येत होते. आणि शेवटचे दार उघडले तेव्हा मला वाटले, आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो. समोर नऊ बाय दहाचे न्हाणीघर होते! कोपऱ्यात पांढरा टब, मोठी खिडकी, आणि मधे इतकी मोकळी फरशी की चार माणसे पाट मांडून जेवायला बसावीत. अवघे चटईक्षेत्र तीनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर, त्यातले नव्वद एकट्या न्हाणीघराचे.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. लोणावळ्यात अशी घरे राहण्यासाठी बांधलीच गेली नाहीत. मुंबईच्या माणसाने शनिवारी यायचे, पावसात भिजायचे, टबात डुंबायचे, बाहेर जेवायचे आणि रविवारी संध्याकाळी घाट उतरायचा. त्याला ओटा कशाला हवा? या घराचे आधीचे मालकही मुंबईचेच. 2016च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली, त्या व्याख्येत न्हाणीघराचा फूट आणि बैठकीचा फूट एकाच तोलाचा. साडेसहा हजारांच्या दराने मी तिथेच हिशेब मांडला आणि पुतणीला म्हणालो, "अंघोळीच्या जागेचे पाच लाख पंच्याऐंशी हजार मोजते आहेस."

ती हसली. "काका, इथं चार महिने पाऊस थांबत नाही. कपडे वाळवायला तरी होईल."

मी वहीत लिहिले : 'जागेचा अपव्यय. पुनर्विक्रीस अडचण संभवते.' ती वही माझ्याकडे अजून आहे. मुलीने माझे ऐकले नाही, घर घेतले. पुढे वर्षभर आमच्या कुटुंबात ते थट्टेचा विषय झाले. 'न्हाणीघरात घर' असे त्याचे नावच पडून गेले, आणि ते पाडण्यात माझाही वाटा होता, हे इथे कबूल केले पाहिजे.

आता आमच्या कामशेतच्या घराविषयी. आपल्यापैकी अनेकांची घरे तशीच असतील. पुढे दुकान, मागे गोदाम, वर राहती जागा. आमचा व्यापार तांदळाचा. मावळच्या आंबेमोहोराचा, आणि पुढे वडगावच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेल्या इंद्रायणीचा. वडिलांनी एक मजला चढवला, भावाने दुसरा. आज लहानमोठ्या अकरा खोल्या आहेत. परंतु प्रत्येक वेळी विचार झाला तो पोती किती मावतील, पाहुणे किती झोपतील याचा. न्हाणीघर म्हणजे जिन्याखाली उरलेली जागा. दाराची रुंदी सव्वादोन फूट, पुढे चार इंचांचा उंबरा, आत एका माणसाने बसायचे आणि कोपर भिंतीला घासत तांब्या उचलायचा. आम्ही भावंडे त्या मोरीत वाढलो. तिच्यात काही उणे आहे असे आम्हांला कधी वाटले नाही.

गेल्या आषाढात आमची आई त्याच उंबऱ्याला अडखळून पडली. वय शहाऐंशी. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन आठवड्यांनी ती घरी आली ती व्हीलचेअरवर. तळमजल्यावर गोदामालगतच्या खोलीत तिचा पलंग मांडला आणि पहिल्याच सकाळी आमच्या लक्षात आले की, खुर्ची मोरीच्या दारातून आत जात नाही. मागच्या बोळात जुन्या साडीचा पडदा बांधला आणि तिथे वहिनींनी तिला अंघोळ घातली. त्याच बोळातून हमाल पोती नेतात. ते बिचारे मान खाली घालून उभे राहिले. पण आईने ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला अंघोळ नको. अंग पुसून घ्या."

आईचा दिवस पहाटेच्या स्नानाने सुरू होतो. स्नान, मग शुद्ध वस्त्र, मग पूजेची वाटी हातात. जवळजवळ सत्तर वर्षांत हा क्रम आजारपणाखेरीज मोडल्याचे मला आठवत नाही. आता तिने वाटीला हात लावणे सोडले. माळ ओढायची, स्तवन पुटपुटायची, पण पूजेचे ताट वहिनींनी समोर आणले की मान वळवायची. आठ-दहा दिवसांत तिचे बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळते आहे. पण माणूस मिटत चालले होते आणि औषधाच्या चिठ्ठीत त्याला उपाय नव्हता. मी आणि भाऊ, साठी उलटलेले दोन मुलगे, अकरा खोल्यांच्या घरात आईला अंघोळीची जागा देऊ शकत नव्हतो. गवंडी बोलावला. त्याने पाहून सांगितले, एका बाजूला शेजाऱ्याची सामाईक भिंत, दुसऱ्या बाजूला जिना. ही मोरी वाढणार नाही.

आम्ही चर्चा करत राहिलो. पुतणीने केली नाही. एका शनिवारी ती आली, पडदा पाहिला, आजीजवळ तासभर बसली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "काका, तुमची मोजपट्टी द्या." तिने खुर्ची मोजली, खुर्ची वळायला लागणारी जागा मोजली. मग मला फोनवर नियम वाचून दाखवला : व्हीलचेअर जागच्या जागी फिरण्यासाठी दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. मी तो आकडा ऐकून गप्प झालो. कारण दुसरा आकडा मला नोकरीपासून पाठ होता. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे शौचालयासह न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ 2.8 चौरस मीटर आणि किमान रुंदी 1.2 मीटर, म्हणजे सुमारे चार फूट. याचा अर्थ, किमान मापावर थांबलेले न्हाणीघर नियमात बसते, परंतु त्यात ही खुर्ची वळत नाही. एवढी वर्षे मी मूल्यांकनाचे अहवाल तपासले. त्यांत भिंतींची जाडी होती, इमारतीचे उरलेले आयुष्य होते. या घरात माणूस म्हातारा झाला तर काय, असा रकाना नव्हता. आणि माझ्याही मनात तो कधी आला नाही.

पुतणीने टब काढून टाकला. भिंतीला दोन भक्कम दांडे बसवले, फरशीवर न घसरणारी रबरी चटई घातली, दाराची पट्टी काढून जमीन सपाट केली. पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणली. श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी आम्ही आईला लोणावळ्याला नेले.

पहिल्या अंघोळीच्या वेळी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. प्रथम चाकांचा आवाज आला. ती कुठेही न अडता आत गेली. मग दार लागले. किती दिवसांनी आईमागे एक दार लागले होते! थोड्या वेळाने आतून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत. ती रागावली होती. नातीने फवारा सोडला होता.

"बंद कर ते! बादली आण, तांब्या आण. पाणी तुपासारखं वापरावं, कळलं का पोरी?"

तो आवाज ऐकून माझ्या भावाने डोळे पुसले.

अर्ध्या बादलीत तिची अंघोळ झाली. आजही तेवढ्यातच होते. पाण्यातही जीव आहेत, ते अप्‌काय आहेत, हे आईने पोथीतून शिकले असेल-नसेल. पण विहिरीचे पाणी गाळून गळण्यातली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडताना आम्ही तिला पाहिले आहे. नव्वद चौरस फुटांचे न्हाणीघर आणि अर्धी बादली पाणी! मी अपव्यय लिहिला तेव्हा फूट मोजले होते. उधळपट्टी जागेच्या मापावर ठरते, असे मी धरून चाललो होतो. आईचा हिशेब वेगळा होता.

त्या दिवशी स्नानानंतर तिने शुद्ध वस्त्र मागितले आणि पूजेची वाटी हातात घेतली. खोली एकच, तिच्या पलंगासाठी पुतणीने स्वतःचे टेबल बाल्कनीच्या दाराशी सरकवले होते. ती तिथे बसून कंपनीचे काम करते, मागे आजीची माळ चालू असते. दोन महिने ती स्वतः जमिनीवर गादी टाकून झोपली. आभ्यंतर तपांत वैयावृत्य सांगितले आहे. प्रवचनात मी तो शब्द अनेकदा ऐकला. त्याला जागा लागते, दाराची रुंदी लागते, हे मला त्या घरात कळले.

परत येताना एका रविवारी मी कामशेतला उतरून नाणे मावळात पाले गावाकडे गेलो. तिथल्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्यातला ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी उजेडात आणला. तो इ. स. पूर्व काळातला मानतात. अरहंतांना वंदन करून तो सुरू होतो, म्हणून महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते. लहानपणापासून ते लेणे माहीत होते. लेखाचा अर्थ मात्र या वेळी नीट मनात शिरला. भदंत इंदरखित यांनी दोन गोष्टी करविल्या असे त्यात म्हटले आहे : लेणे आणि पोढी. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. राहण्याची जागा आणि पाण्याची जागा, दोन्ही एकाच श्वासात. भाजे-कार्ल्यालाही तेच दिसते. भिक्षूंच्या खोल्या इतक्या लहान की दगडी ओट्यावर जेमतेम आडवे व्हावे, पण खडकात खोदलेली पाण्याची टाकी हटकून भेटतात. त्या लोकांनी स्वतःच्या अंगाला जागा थोडी घेतली; पाण्याची सोय मात्र उरलेल्या कोपऱ्यावर सोडली नाही. आम्ही अकरा खोल्या बांधल्या आणि पाण्याला जिन्याखालचा कोपरा दिला.

कार्तिकात भावाने एक निर्णय घेतला. मोरी वाढत नव्हती, म्हणून त्याने गोदामाचाच एक भाग तोडला. साठ पोती मावतील एवढी ती जागा. हंगामात साठ पोत्यांची जागा म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. तिथे आता सात बाय आठचे न्हाणीघर झाले आहे. दार तीन फुटांचे, उंबरा नाही, दांडे कंबरेच्या उंचीवर. आई आता वॉकरवर चालते. थोडे दिवस कामशेतला असते, थोडे दिवस नातीकडे. 'न्हाणीघरात घर' हा शब्द आता आमच्याकडे कोणी उच्चारत नाही.

वाचकांपैकी अनेक जण दुकानावर मजला चढवण्याच्या किंवा मुलासाठी सदनिका घेण्याच्या विचारात असतील. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचे एवढेच सांगणे आहे. देवघराची दिशा बघा, हॉलची लांबी बघा. पण त्याबरोबर तळमजल्यावर, किंवा लिफ्ट थांबते त्या मजल्यावर, एक न्हाणीघर असे ठेवा की ज्यात पाच फुटांचे वर्तुळ मावेल आणि ज्याचे दार तीन फूट उघडेल. बांधतानाचा खर्च थोडा असतो. नंतर जागाच सापडत नाही.

मागच्या आठवड्यात मी माझ्या पुण्याच्या घरातले न्हाणीघर मोजले. दार सव्वीस इंच. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. तिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "किती भरलं?" मी आकडा सांगितला. त्यानंतर आम्ही दोघे बराच वेळ त्या दाराकडे पाहत उभे होतो. उद्या सकाळी दहा वाजता गवंडी येणार आहे.