तंदुरी साइज

मालेगावात रात्री यंत्रमागांची खडखड अचानक थांबली की आमच्या गल्लीची झोप मोडते. मी तर उठून थेट मागच्या पडवीत धावते. माग थांबले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे कोंबडीच्या पिल्लांवरचे बल्ब विझले. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. ती तुटली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरतात. म्हणून थंडीत शेगडी हाताशी असते, खिडकी मात्र उघडीच.

संध्याकाळी काही पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायची. मऊ, भरलेली लागली तर ठीक. खड्यासारखी टणक लागली तर दाणा पोटात गेलाय, पाणी मिळालेलं नाही. राणीखेतचा थेंब डोळ्यात, मग गंबोरोची लस. ते वेळच्या वेळी उरकतं.

सासूबाईंचा या धंद्याला पहिल्यापासून विरोध. "नवापूर विसरलीस का गं?" २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच निघाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यांची भीती खोटी नाही. पडवीच्या चपला वेगळ्या आणि दाराशी चुन्याची पाटी, हे त्यांच्यामुळेच.

खरी कसोटी मे महिन्यात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. दुपारी दाणा काढून घ्यायचा, जाळीला ओलं गोणपाट बांधायचं. एवढं करूनही दोन किलोची ब्रॉयलर आधी मान टाकते, सव्वा किलोची तगून जाते. म्हणून मी कोंबडी मोठी करतच नाही. चौथ्या आठवड्यात बॅच रिकामी.

महामार्गावरच्या धाब्यांना सव्वा किलोचीच हवी असते. साफ केल्यावर आठशे ग्रॅमच्या आसपास उरते. भट्टीत अख्खी नीट शिजते, मोठीचा वरचा भाग करपतो आणि हाडाशी कच्ची राहते. फक्त हिशेब वेगळा. पिल्लू, लस, तूस यांचा खर्च लहान-मोठ्या कोंबडीला सारखाच, त्यामुळे किलोच्या भावात मला परवडत नाही. मी नगावर विकते. धाबेवाले कुरकुरतात, "ताई, वजनावर द्या की."

"शेठ, तुम्ही तरी गिऱ्हाइकाला तंदुरी तोलून देता का? हाफ नाहीतर फुल, एवढंच विचारता ना?"