हवा विरळ आहे, बाबा!

आमच्या चिरंजीवांनी डेन्व्हरला १९७३ सालची कॅम्पर व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. "चाकांवरचं घर आहे, बाबा!" घर होतं हे खरं. चाकांबद्दल पुढे शंका आली.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही लव्हलंड पासला निघालो. मुळात डेन्व्हरच ५,२८० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम शे-सव्वाशे फूट कमी. पास ११,९९० फुटांवर! डोंगराच्या पोटातून आयझेनहॉवर बोगदा आहे, तोही १९७३ सालीच उघडलेला. पण बोगद्यातून देखावा कुठला दिसायला?

वरच्या वळणावर व्हॅन खोकली, फुरफुरली आणि बंद पडली.

"हवा विरळ आहे," चिरंजीव म्हणाले. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. म्हणजे त्याचं निम्मं बरोबर होतं. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच. जुन्या कार्ब्युरेटरला ते कुठलं कळायला? तो आपला पूर्वीइतकंच पेट्रोल पाजत राहतो. प्लग पुसले, तोवर इंजिन निवलं आणि गाडी सुरू झाली. दोन वळणं गेली, पुन्हा बंद.

मी बावीस वर्षं स्कूटर चालवली आहे. ती बंद पडली की आडवी करायची. व्हॅनला हा उपाय करता येत नाही. "डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून बघ," मी म्हटलं.

"तुम्ही बसा बाबा, हवा विरळ आहे."

तिसऱ्यांदा बंद पडल्यावर ही म्हणाली, "अरे, एकदा ऐक ना ह्यांचं!" झाकण निघालं. मी किल्ली फिरवली, आणि चिरंजीवांना पॉइंटवर फुलबाजी दिसली. कंडेन्सर गेलेला! पॉइंट उघडताना येणारा करंट या करंगळीच्या पेराएवढ्या डबीने झेलायचा असतो. तिने हात टेकले की ठिणगी प्लगपाशी जोरात पडण्याऐवजी पॉइंटच जाळत बसते. त्यातून ही डबी गार असली की शहाणी, तापली की बिघडलेली. म्हणून आळ उंचीवर.

जुन्या मालकाच्या बिस्किटांच्या डब्यात एक नवा कंडेन्सर निघाला. पॉइंट हिच्या नखं घासायच्या कानशीने साफ केले. माझे हात थरथरत होते, तेव्हा स्क्रू चिरंजीवांनी पिळला. मी नुसतं बोट दाखवलं. व्हॅन पहिल्या किल्लीला उठली.

पासवर पोचल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"तुला शाळेत कोण सोडायचं?"

तो काही बोलला नाही. मागचा पलंग मात्र त्याने मुकाट्याने उघडून दिला. मला चांगलीच धाप लागली होती. शेवटी आडवं व्हायची पाळी माझ्यावरच आली.