आधी दात, मग पोहे

सकाळचे सहा वाजले की आमच्या कल्याणच्या खोलीत रोज रणकंदन होई. नळाला पाणी येण्याची आणि ठाण्याच्या ऑफिससाठी लोकल गाठण्याची गडबड एकाच वेळी. त्यातच धाकट्याचे दात, आंघोळ, गणवेश. ब्रश तोंडाजवळ नेला की तो किंचाळे. शर्ट चढवला की काढून फेकी. एके दिवशी आमचा हात उठला. तो रडला नाही. दोन्ही कान दाबून मोरीच्या कोपऱ्यात बसून राहिला. त्या दिवशी ऑफिसात एकही बेरीज जुळली नाही.

वस्तीत लोकांच्या दाखल्यांसाठी, रेशनकार्डांसाठी धावणारे आम्ही. पण घरातले पोर आम्हाला कळत नव्हते. कोणी म्हणे लाडावलाय, कोणी नजर काढायला सांगे. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितले, स्वमग्नता. ही मेंदूची घडणच वेगळी असते. त्यात आईबापाच्या वळणाचा दोष नाही. यातल्या पुष्कळ मुलांना आवाज, स्पर्श, चव फार तीव्रतेने जाणवते. पुढे काय होणार हे कळले नाही की त्यांचा जीव घाबरा होतो. आपले "चल, आटप, उशीर झाला" हा त्यांना नुसता गोंगाट वाटतो.

मग विशेष शिक्षिका बाईंनी चित्रांचा उपाय सांगितला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९७२ साली राज्यभर सुरू केलेल्या कार्यक्रमात अशाच चित्रांवर भर होता. आम्ही साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. त्यावर घरातल्याच ब्रशचा, बादलीचा, पोह्यांच्या ताटलीचा आणि दप्तराचा फोटो क्रमाने लावला. काम झाले की तो फोटो काढून डब्यात टाकतो. आम्ही बोलतो मोजकेच : "आधी दात, मग पोहे." झोंबणारी पेस्ट बदलली. कॉलरमागची टोचणारी पट्टी उसवली. गणवेश, दप्तर रात्रीच काढून ठेवू लागलो. बटणे आम्ही लावायची, शेवटचे त्याने. ते जमल्यावर शेवटची दोन.

लगेच सारे सुरळीत झाले असे नाही. एका सकाळी पाणीच आले नाही. बादलीचा फोटो जागेवरच राहिला आणि पुन्हा तोच आकांत. मग आम्ही आणखी एक चित्र काढले, नळ आणि त्यावर फुली. पाणी बंदची सूचना आली की आदल्या रात्री ते बादलीच्या जागी लावून त्याला दाखवतो. सकाळी ओल्या पंचाने अंग पुसायचे, हे त्याला आता ठाऊक आहे.

एक चूक कबूल करतो. दुसऱ्यांचे दाखले काढून देणाऱ्या आम्ही स्वतःच्या मुलाचे प्रमाणपत्र लाजेपोटी दोन वर्षे काढले नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आहे. ठाण्यात महापालिकेची 'जिद्द' ही विशेष मुलांची शाळाही आहे. माता-भगिनींनो, बांधवांनो, असे मूल घरात असेल तर लपवू नका, मारू नका. आम्ही दोन्ही केले आहे, म्हणून सांगतो.

परवा आम्ही न खाताच निघालो होतो. त्याने हात धरून पुठ्ठ्यापाशी नेले आणि पोह्यांच्या फोटोवर बोट ठेवले. आम्ही बसलो, खाल्ले. लोकल पुढचीही मिळते.